घडण आणि जीव

पिकल्या केळ्यावर बसलेले चिलट आपण हाताने उडवून लावतो. अशाच एका मादी चिलटाच्या मेंदूचे सुमारे सात हजार काप काढून, त्यांवरून १,३९,२५५ मज्जापेशींचा व त्यांच्यामधील कोट्यवधी सांध्यांचा नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. रेषा यंत्राने आखल्या. त्यांतल्या चुका माणसांनी बसून सुधारल्या. (वह्या तपासणाऱ्याला या बसण्याचे मोल कळेल.)

पण घडण कळली म्हणजे जीव कळला काय? शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न केव्हाच सुटलेला असतो. ‘त्याचे डोकेच तसले,’ म्हटले, की मुलाचा निकाल लागला! ३०२ मज्जापेशींच्या एका कृमीचा नकाशा १९८६ सालीच तयार झाला. तरी तो पुढच्या क्षणी कोठे वळेल, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. कोणता सांधा केव्हा बळावेल, हे रेषांत नसते. शिवाय चिलटही शिकते. एखाद्या वासाबरोबर विजेचा धक्का दिला, तर पुढे ते तो वास टाळते, हे १९७४ साली प्रयोगाने दाखविले गेले. मग दहा वर्षांच्या पोराविषयी एवढ्या खात्रीने बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? कापल्या गेलेल्या त्या मादीने आपल्या अल्प आयुष्यात काय टाळायचे ठरविले होते, तेही नकाशात लिहिलेले नाही.