करवतीचे वाटेकरी

12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला. अरुणाचल प्रदेशातल्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या आरागिरण्या, व्हिनिअर व प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करायचे. शिवाय सीमेपासून 100 किलोमीटरच्या आत, आसामात असलेलेसुद्धा. रान अरुणाचलचे, टाळे आसामच्या गिरणीला!

त्यामागे व्यावहारिक कारण होते. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो. ओंडका चिरला की तो शिक्का जातो आणि फळी कुठल्या रानातली हे फळी सांगत नाही. तरी आसामच्या गिरणीवाल्याने हातात कुऱ्हाड धरली नव्हती. मग त्याचा दोष कोणता?

जालन्यातला जैन श्रावक याचे उत्तर लगेच देईल. गुरू गणेशलालजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव स्थानकवासी जैनांचे श्रद्धास्थान आहे. या परंपरेत हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसते अनुमोदन दिलेली, अशी तिन्ही प्रकारे लागते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत ‘वनकर्म’, म्हणजे जंगल तोडून चालवलेला धंदा, स्पष्ट सांगितला आहे. मनुस्मृतीही मांसाच्या बाबतीत मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा आणि खाणारा यांना एकाच पंगतीला बसवते. न्यायालयाने यातला कुठलाच ग्रंथ उघडला नसेल, पण हिशेब तोच निघाला.

राजनीती मात्र सीमेपाशी थांबते. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र घ्या. आरमारासाठी सागवान लागला तर हुजूरच्या परवानगीने तोडावा, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असा त्यातला दंडक. झाड लावणाऱ्याच्या दुःखाची इतकी कणव राज्यकारभाराच्या कागदात क्वचितच सापडते. पण परमुलखातही रयतच राहते; तिच्या झाडांचे काय, हे पंतांनी विचारले नाही.

ते जालन्याने विचारायला हवे. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत जालना मोडतो. इथल्या देवघराचा, चौकटीचा सागवान यायचा तो चंद्रपूर-गडचिरोलीहून, नाहीतर परराज्यातून किंवा परदेशातून. तोडायला आपल्याकडे झाडच नाही म्हणून आपण अहिंसक, ही समजूत फार सोयीची आहे.

ऑक्टोबर 2002 मध्ये न्यायालयाने देशभरातल्या नव्या आरागिरण्यांना केंद्रीय समितीची पूर्वपरवानगी सक्तीची केली. अशा बंधनांचा चटका आधी बसतो तो हमालाला आणि करवतीवर उभ्या असणाऱ्या मजुराला. नक्षीचे दार हवे असणाऱ्याचे फारसे अडत नाही. तो दोन पैसे जास्त मोजतो. वाटेकऱ्यांत सर्वांत मोठा वाटा ज्याचा, त्यालाच झळ सर्वांत कमी.

म्हणून वखारीत भाव ठरवण्याआधी गिऱ्हाइकाने लाकूड कुठून आले हे सांगणारा वनखात्याचा वाहतूक परवाना दाखवायला सांगावा, आणि तो नसेल तर लाकूड घेऊ नये.