कलावंताची एकनिष्ठा

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आमच्या घरांतून मुलांच्या कानी फार लवकर पडते. गाणे शिकणाऱ्या मुलीने कुंचला हाती घेतला की वडीलमंडळींच्या कपाळाला आठी पडलीच! एकाच कलेशी एकनिष्ठ राहणे हा कलावंताचा धर्मच होय काय, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्यापाशी रागदारीचे शिक्षण घेतले; परंतु ओढ जॅझची. न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' (१९७२) या ध्वनिमुद्रिकेत त्या दोन गीते गाइल्या. कोलमन यांच्या संगीतास स्वरमेळांची ठरीव चौकट नाही; एकेका स्वराचा आधार घेत वाट काढण्याची सवय ज्या कंठास लागली होती, त्यास ही मोकळीक पेलली यात आम्हांस नवल वाटत नाही. पुढे त्यांनी स्वतः गीते रचली, चित्रपटांत कामे केली, नाचाच्या तालावरची गाणीही गाइली. यास कोणी घसरण म्हणेल. पण पहिल्या विद्येशी द्रोह केला म्हणावे, तर तीच विद्या दुसरीच्या उपयोगी पडलेली दिसते.

कॅनडाच्या जोनी मिचेल गीते लिहितात, त्यांस चाली लावतात, गातात आणि चित्रेही काढतात. जॅझचे थोर रचनाकार चार्ल्स मिंगस दुर्धर आजाराने खिळले असता त्यांच्या चालींवर मिचेल यांनी शब्द रचले; मिंगस वारल्यावर १९७९ साली ती ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तिचे मुखपृष्ठही मिचेल यांनीच रंगविले. एकाच माणसाविषयीचा जिव्हाळा शब्दांतून आणि रंगांतून प्रकट झाला. यात कोणत्या कलेशी बेइमानी झाली, हे कोणी आम्हांस दाखवून द्यावे.

शिवाय एकनिष्ठेसही खर्च लागतो, याचा विसर पडतो. अल्लादियाखाँसाहेबांची तपश्चर्या अलौकिकच; पण कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा दरबारी आश्रय त्यांस होता, हेही खरे. आशा पुथली यांस असा आश्रय कोठला? परदेशी जाता यावे म्हणून त्यांनी हवाई सुंदरीची नोकरी पत्करली.

आणि न्यूयॉर्कपर्यंत तरी कशाला जावे? आमच्या वांगणीस दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील कित्येकजण लोकल गाडीत किरकोळ वस्तू विकतात, कित्येक गाऊन पोट भरतात. डब्यातील सुशिक्षित प्रवासी गाणे ऐकतात, नाणे देतात आणि दिले ते दान समजतात. गायकाची बिदागी असे त्या नाण्यास कोणी म्हणत नाही. उद्या यांपैकी एखाद्यास सारे सोडून केवळ रियाज करावासा वाटला, तर एकनिष्ठेचा उपदेश करणाऱ्या आम्हां मंडळींपैकी त्याच्या घरचा महिन्याचा किराणा कोण भरणार आहे?