आवर आणि आवर्त

खोपोलीजवळच्या एका मनोरंजन-उद्यानात भाच्याला रोलर कोस्टरच्या रांगेत सोडून मी खाली कठड्याशी थांबलो होतो. डबे चढण चढताना येणारी ती खट्-खट् ऐकून शेजारच्या एका आजींनी डोळे मिटून हात जोडले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही पोटात गोळा आला. पुष्कळ नंतर कळले की तो आवाज डब्याखालच्या खिट्टीचा असतो. रुळालगतच्या दात्यांवरून ती एकेक घर पुढे सरकते आणि उद्या साखळी तुटलीच तर गाडीला मागे घरंगळू देत नाही. ज्या नादाने आपला थरकाप होतो, तोच नाद आपल्याला अभय देत असतो, हे किती उशिरा उमगते!

साखळीने माथ्यावर सोडलेल्या अशा गाडीला स्वतःचे इंजिन नसते. एकदा मिळालेली उंची हीच तिची सारी पुंजी. वारा आणि चाकांचे घर्षण त्यातला आपापला वाटा घेत राहतात, म्हणून पुढची कोणतीही टेकडी पहिलीहून उंच असू शकत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी अशाच केवळ आपल्या भाराने डोंगर उतरत. रिकाम्या वाघिणी वर ओढणारी खेचरे उतरताना त्याच गाडीतून येत, आणि पुढेपुढे ती पायी उतरायलाच तयार नसत, असे सांगतात. त्या खेचरांना हसताना मी जरा थबकतो. ज्याला आपण स्वतःचा वेग म्हणून मिरवतो, तोही बहुधा कुणीतरी घाम गाळून आपल्याला चढवलेल्या उंचीचाच खर्च असतो.

मला मात्र वेगाहून थांबण्याचे गूढ अधिक वाटते. कोपनहेगनच्या तिवोली उद्यानात १९१४ सालची लाकडी रोलर कोस्टर अजून धावते, आणि प्रत्येक गाडीवर ब्रेक सांभाळणारा एक माणूस प्रवाशांसोबत बसलेला असतो. त्यांचा थरार आणि त्याची जबाबदारी एकाच उतारावरून धावतात. इतरत्र बहुतेक ठिकाणी ब्रेक गाडीवर नसतात, ते वाटेवर असतात. त्यांतले कित्येक आपणहून मिटलेले, हवेच्या दाबाने उघडावे लागणारे. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला वाट मिळत नाही, आणि दाब गेला तर ते मिटूनच राहतात. थांबणे हा तिथला स्वभाव आहे आणि जाणे ही अनुज्ञा.

अलीकडे त्या वाटेवर चुंबक आले. डब्याखालची धातूची पट्टी चुंबकांच्या फटीतून कुणाला न शिवता जाते, तिच्या अंगी विजेचे भोवरे उठतात आणि ज्या गतीने त्यांना जन्म दिला तिलाच ते मागे ओढू लागतात. वीजपुरवठा गेला तरी हे चालूच राहते. हा नियम हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडला तो सेंट पीटर्सबर्गमध्ये. त्याच शहरात, जिथे आदल्या शतकात लाकडी सांगाड्यांवर पाणी गोठवून उंच घसरगुंड्या रचल्या जात आणि ज्यांच्या स्मृतीने फ्रेंच माणूस आजही रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतो. आवेग आणि त्याचा निरोध एकाच नगरीत वाढावेत, हा योगायोग मला सुखावतो. आवर आणि आवर्त हे शब्दही कानाला किती जवळचे! बाहेरून घातलेली वेसण नाक दुखावते. स्वतःच्या गतीतूनच उठलेला संयम मात्र ओरखडाही उमटवत नाही.

तरीही या संयमाला एक मर्यादा आहे. गती जसजशी सरते तसतसा तिचा विरोधही विरत जातो, त्यामुळे चुंबक गाडीला मंद करू शकतात, स्थिर करू शकत नाहीत. शेवटच्या हातभर अंतरासाठी जुने, साधे घर्षणच लागते. भाचा उतरून आला तेव्हा चेहऱ्यावर हसू होते, पण पाय लटपटत होते. काही न बोलता त्याने माझा हात घट्ट धरला, आणि मग कुठे तो थांबला.