आतली माणकं, बाहेरचे हिरे

हिऱ्यांनी मढवलेल्या स्केलेटन, म्हणजे आतली चाकं उघडी दिसणाऱ्या, घड्याळात रत्नं दोन जातींची. कडेचे हिरे काहीच करत नाहीत. आतली माणकं चाकांचे आस पेलतात. १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नॉयने कृत्रिम माणकाची रीत जाहीर केल्यापासून ती भट्टीतून येतात, किरकोळ भावात. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ वाचून मोडीत किती येतील, असं विचारणारी गिऱ्हाइकं मी घड्याळजी म्हणून चिक्कार पाहिली.

माणकाला भोक पाडायची युक्ती निकोला फातिओची. जिनिव्हाचा नागरिक, न्यूटनचा मित्र. १७०४ मध्ये लंडनला दोन घड्याळजींसह त्याने पेटंट घेतलं. पुढे हा गणिती जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगणाऱ्या फ्रेंच प्रेषितांच्या नादी लागला आणि १७०७ मध्ये चेअरिंग क्रॉसला खोड्यात उभा राहिला. काळ संपणार असं मानणाऱ्या माणसाने घड्याळाची झीज कमी करून ठेवली!

त्याच्या जिनिव्हाने सोळाव्या शतकात, धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणुकीखाली, दागिन्यांवर बंदी आणली होती. सोनार घड्याळांकडे वळले, फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी हुन्नर आणला, १६०१ मध्ये घड्याळजींचा संघ उभा राहिला. दाराबाहेर काढलेला दागिना वेळ सांगायचं निमित्त करून घरात आला.

मग बंदी चूक होती का? हिऱ्यांपुरती मला ती पटते. आतल्या कलाकुसरीला मात्र तो कायदा लावू नये. चांगल्या स्विस घड्याळात ब्रिजच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा तिरप्या तासून चकचकीत करतात, बंद झाकणाखालीसुद्धा. पाहणार कोण? पुढचा दुरुस्तीवाला. निष्काम कर्म म्हणतात ते मी तिथे पाहिलं.

स्केलेटनमध्ये झाकणच गेलं, तेव्हा हे सगळं दाखवण्यासाठीच, असा आक्षेप येतो. ही पद्धत अठराव्या शतकात पॅरिसच्या आंद्रे-शार्ल कारोंने काढली असं मानतात. बारीक करवतीने प्लेट कोरत, लागेल तेवढाच धातू ठेवायचा. पण दोन तासलेल्या कडा जिथे आतल्या बाजूला मिळतात, तो टोकदार कोपरा हातानेच साधतो आणि भिंगाखालीच नीट दिसतो. मनगटावर मिरवणारा भिंग कशाला लावेल? कारागीर तरीही तो कोपरा सोडत नाही.

म्हणून कोणी विचारलंच तर सांगतो, कोरलेलं घ्या, हिरे राहू द्या. आणि वेळ बघायला दुसरं एखादं साधं घड्याळ ठेवा, कारण त्या चाकांच्या गर्दीत काटे पटकन सापडत नाहीत.