वाडा कोणाचा?

भोपाळच्या ज्या गोविंदपुऱ्यात आम्ही राहतो, तेथील बहुतेक वस्ती 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे वाढली. येथील क्वार्टर नोकरीबरोबर मिळते व निवृत्तीबरोबर सुटते. आजोबांचे घर नातवाकडे येण्याचा प्रश्नच नाही. अशा ठिकाणी बसून पुण्याच्या पडत्या वाड्यांविषयी हळहळणे फार सोपे. परंतु आमच्या वडिलार्जित वाड्याच्या विक्रीचे मुखत्यारपत्र आम्ही याच गावातून पाठविले, हे सांगितल्याखेरीज पुढे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक वाडे गेले. जे वाचले, त्यांतील पुष्कळांना कायद्याने आणि वारसांनी पोखरले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीस जखडले. भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, हे योग्यच झाले. पण त्या छपराची तुळई बदलावी एवढे पैसे भाड्यातून निघेनात. 1999 च्या कायद्याने दरसाल 4 टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडेच नाममात्र, त्याचे 4 टक्के ते किती!

आमच्या वाड्याचे हिस्सेदार सहा. चौकाभोवतीची माळवदे गळू लागली, तेव्हा भाडेकरूंनी आपसांत वर्गणी काढून दुरुस्ती करण्याची तयारी दाखविली. भावांनी आमचे मत विचारले. आम्ही लिहिले, "पैसे घेऊ नका, उद्या हक्क सांगतील." सल्ला वकिली सावधगिरीचा होता. त्याच वर्षी आम्ही कुलदेवतेच्या सभामंडपासाठी मात्र बिनतक्रार वर्गणी दिली.

असे का व्हावे? देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबाच्या घरच्या देवतेविषयी प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली ठरविले की, ती वारसांच्या मर्जीने हलविण्याची वस्तू नव्हे. तिच्याही इच्छेचा विचार झाला पाहिजे. वाड्याच्या वतीने असे बोलणारे कोणी नसते. तेथे फक्त हिस्से असतात.

जपानातील क्योतो शहरात 'माचिया' नावाची अरुंद तोंडाची, आत खोलवर गेलेली लाकडी घरे आहेत. तीही झपाट्याने पडत होती. 2005 साली त्यांच्या दुरुस्तीसाठी देणग्यांतून निधी उभा राहिला. 2017 च्या नगरनियमाने ठरविले की, नेमून दिलेली माचिया पाडावयाची असल्यास मालकाने एक वर्ष आधी कळवावे. मालकी मालकाचीच राहते. परंतु घेणारा वा राहणारा दुसरा कोणी शोधण्यास शेजाऱ्यांना व नगरसंस्थेला अवधी मिळतो. मालकावर एवढे बंधन आम्हांस न्याय्य वाटते. यापुढे जाऊन त्याने पदरमोड करून घर राखावे असे म्हणणाऱ्याने मात्र आधी वर्गणीच्या वहीत आपला आकडा घालावा.

आमच्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. भाडेकरूंनी केलेली वर्गणीची यादी आमच्या फायलीत राहून गेली. तिच्यात पहिले नाव तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका बाईंचे आहे. पुढे रुपये 500.