आज्ञा घरच्या, क्रम परक्याचा

बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या रिंग रोडवरच्या टेक पार्कांत सिक्युरिटीवाला गळ्यातलं कार्ड बघतो आणि आत सोडतो. आत गेलेला माणूस कुणाच्या सांगण्यावरून काय करतो, हे बघणं त्याच्या कामात येत नाही. संगणकाचं मेमरी संरक्षणही बरंचसं असंच: जागा तपासतं, इच्छा नाही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या मॉरिस वर्मनं ‘फिंगर’ सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या जागेत, ५३६ बाइट ओतले. सांडलेल्या बाइटांनी परतीचा पत्ता, म्हणजे काम झाल्यावर कुठं परतायचं ती नोंद, बदलला आणि मजकूर म्हणून आलेलं आज्ञा म्हणून चालू लागलं. उतारा सरळ होता: मजकुराच्या जागेत आज्ञा चालूच द्यायची नाही. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं हा पहारा ऑफिसातल्या साध्या पीसीपर्यंत आणला.

प्रश्न मिटला नाही. संगणक-सुरक्षेचे संशोधक होवाव शाखम यांनी २००७ मध्ये दाखवलं, की हल्लेखोराला स्वतःची एकही आज्ञा आत न्यावी लागत नाही. परवानगी असलेल्या कोडातलेच चिमुकले तुकडे निवडायचे आणि त्यांचे पत्ते स्टॅकवर, म्हणजे परतीचे पत्ते असतात तिथं, ओळीनं मांडायचे. बाइट सगळे घरचे.

मग केलं कुणी? पाणिनी क्रियेत जो स्वतंत्र, त्याला कर्ता म्हणतो. आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्यालाही ‘हेतू’ म्हणून कर्तेपण देतो. पहारेकऱ्याला दिसत नाही तो नेमका हा दुसरा कर्ता. आणि तोही एकटा नसतो. २७ जून २०१७ ला नॉटपेत्या या घातक प्रोग्रॅमनं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली, तेव्हा न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेत्याच्या हत्यारांपैकी एक होतं इटर्नलब्लू, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधला बफर ओव्हरफ्लो. विंडोज ७ ला पहारा होता. पण कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातला, एक कोपरा कायम ठरलेल्या पत्त्यावर, आणि तिथं आज्ञा चालवायला मुभा. भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. आता कर्ते मोजायचे तर कोड लिहिणारा, भोक शोधून गुपचूप बाळगणारा, ते सोडणारा आणि पॅच न लावणारा, सगळेच रांगेत येतात.

टायगर लेक पिढीपासून, म्हणजे २०२० पासून, इंटेलचे प्रोसेसर परतीच्या पत्त्यांची वेगळी नोंद ठेवू शकतात. पत्ता जुळला नाही की काम थांबतं. पण ओव्हरफ्लोनं पत्त्याला हात न लावता ‘हा वापरकर्ता अ‍ॅडमिन आहे का’ एवढाच आकडा ० चा १ केला, तर दोन्ही नोंदी तंतोतंत जुळतात.