बाळाच्या जिभेवरचा मध

मी शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचा भिक्षुक. आदिलाबाद शहरात आणि जैनथ, बेला, तामसी या भागांतल्या मराठी घरांत माझी यजमानकी आहे. माझ्या हातून होणाऱ्या बारशात बाळाच्या जिभेवर मध लागत नाही. काही घरांना हे रुचत नाही, आणि त्यांची शंका मी हलकी मानत नाही. शास्त्राने सांगितलेलं द्रव्य आपल्या बुद्धीने वगळलं तर संस्कार पुरा होतो का? आज मध गेला, उद्या मंत्र जाईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही.

म्हणून आधी शास्त्रच पाहू. मध चाटवणं, म्हणजे मेधाजनन, हा मुळात जातकर्माचा भाग. नाळ कापण्याआधी तो करायचा. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणून बहुतेक ठिकाणी तो बाराव्या दिवशी नामकरणाबरोबर उरकतात. काळ बदलला हे आपण कधीच मान्य केलं आहे. ऋग्वेद्यांच्या आश्वलायन गृह्यसूत्रात सोनं उगाळलेलं मध-तूप सोन्याने चाटवायला सांगितलं आहे. आम्हा माध्यंदिनांचं सूत्र पारस्कराचं. त्यात अनामिकेवर सोनं धरून मध आणि तूप चाटवावं, किंवा नुसतं तूप, असा विकल्प स्वतः सूत्रकारानेच दिला आहे. मीमांसेच्या नियमाने विकल्पातला कोणताही पक्ष घेतला तरी कर्म पूर्ण होतं, फळात उणेपणा येत नाही. म्हणजे मधाविना मेधाजनन ही आजच्या शहाण्यांची सवलत नाही.

त्याच्याही पुढे जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय आहे. त्यात प्रतिनिधीचा विचार येतो. सोम मिळाला नाही तर पूतिका घ्यावी, व्रीही नसेल तर नीवार. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला, मंत्राला, क्रियेला चालत नाही. घराघरांतल्या पूजेतही तीच रीत आहे: दही नसेल तर दूध, मध नसेल तर गूळ. यावर कोणी विचारील, मध तर घरात आहे, मग अभाव कसला? माझ्या मते अभाव दोन तऱ्हांचा असतो. वस्तू जवळ नसणं हा एक, आणि वस्तू जवळ असून त्या कामाला अयोग्य असणं हा दुसरा. तान्ह्या मुलाला मध अयोग्य आहे.

तो का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच गैरसमज सर्वांत जास्त आहेत. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं माती-धुळीत असतात आणि मधातही येऊ शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या मुलाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, ते नीट ओढून पीत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या जड होतात, मान धरत नाही. शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा मधाशी संबंध स्पष्ट झाला.

जैनथकडच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरी आजी मला म्हणाल्या, “गुरुजी, माह्या साऱ्या लेकरायले मध चाटवला म्या. काय झालं त्यायले?” प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, “आजी, तुमच्या लेकरांना काही झालं नाही, ही देवाची कृपा. पण तुमच्या काळी गावात किती तान्ही मुलं गेली, आणि कशानं गेली म्हणून सांगत होते?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नजर लागली म्हनत. सुकलं म्हनत.” त्यांतलं एखादं मूल मधानं गेलं, असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ज्या आजाराला १९७६ पर्यंत नावच नव्हतं, तो झाला नाही अशी साक्ष कोण देणार? डोळ्यांदेखत वाचलेल्यांची मोजणी होते, गेलेल्यांची होत नाही. प्रत्यक्ष प्रमाणालाही ही मर्यादा आहे.

दुसरा आग्रह असतो शुद्धतेचा. आमच्याकडे कोलाम आणि गोंड लोक आग्या मोहोळाचा मध काढतात. तो उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजारात येतो, गिरिजन सहकारी महामंडळही घेतं. “हा अस्सल रानातला आहे, बाळाला काय करणार?” असं लोक म्हणतात. रानातला मध उत्तम, पण त्या बीजांना अस्सल-नकली कळत नाही. उकळूनही ती मरत नाहीत, त्यांना १२१ अंशांची वाफ दाबाखाली लागते. बाटलीतल्या मधाची गोष्ट आणखी वेगळी. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तपासलेल्या २२ नमुन्यांपैकी फक्त ५ सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकीच्यांच्या बाबतीत साखरेच्या पाकाची भेसळ हा मुख्य आक्षेप होता. देवाला मध म्हणून पाक वाहण्यापेक्षा गूळ म्हणून गूळ वाहावा.

मधाशी माझं वैर नाही. अवधूत दत्ताच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे. त्या दत्ताचं माहूर किनवटच्या बाजूला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे मधाचा तो धडा आम्ही घरचा मानतो. औषध म्हणूनही मधाचं मोल आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मधाचा आणि नेहमीच्या मलमाचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले; मधाच्या गटातल्या जखमा लवकर निर्जंतुक झाल्या. पण म्हणून घरच्या बरणीतला मध भाजल्यावर लावू नये, ते काम डॉक्टरांचं. वर्षावरच्या मुलाच्या खोकल्याला रात्री चमचाभर मध द्यायला हरकत नाही. मधुमेह असलेल्याने मात्र मधालाही साखरच समजावं.

मग मी बारशात काय करतो? सूत्रातला नुसत्या तुपाचा विकल्पही मी मुलाच्या तोंडापर्यंत नेत नाही, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काहीच नको, हे वैद्यकाचं सांगणं मला पटलं आहे. धुतलेली सोन्याची अंगठी अनामिकेवर धरून मी मेधाजननाचे मंत्र म्हणतो. आयुष्याचे मंत्र पारस्कराने सांगितल्याप्रमाणे बाळाच्या उजव्या कानाशी म्हणतो. मध-तुपाची वाटी आईला देतो. तिने मध खाल्ल्याने दुधातून बाळाला धोका नाही. दोन्ही समभाग मात्र घेऊ देत नाही, ते चरकाने विरुद्ध मानलं आहे. मंत्र पूर्ण; फक्त प्राशन बाळाऐवजी आईचं. एवढ्यावर कोणी संस्कार अपुरा म्हणत असेल तर म्हणो.

माझ्या भिक्षुक बंधूंना आणि घरोघरच्या आज्यांना हात जोडून सांगणं आहे. बाळगुटी मधात उगाळू नका. चोखणीला मध लावू नका. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाला नेत असाल तर त्यात मध आहे का, हे आधी विचारा. मूल वर्षाच्या आतलं असेल तर परत फिरा. पहिल्या वाढदिवसानंतर हवा तर खुशाल चाटवा. आणि कुणी नकळत मध दिलाच असेल आणि बाळाचं रडणं बारीक झालं, पिणं कमी झालं, शौच थांबलं, तर दृष्ट काढत बसू नका. तसंच उचलून दवाखान्यात न्या, आणि मध दिला होता हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.